फट

चाकाच्या वरच्या कडेपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत जी रिकामी जागा असते, तिला गाड्यांचे शौकीन फट म्हणतात. आणि फट म्हटली की ती बुजवावीशी वाटते. गाडी जरा खाली बसवली, चाक कमानीत गेलं, की तीच जुनी गाडी एकदम देखणी दिसायला लागते. झेप घ्यायच्या आधी दबा धरलेल्या मांजरासारखी. मलाही ती तशीच आवडते, हे आधीच सांगून टाकतो. सौंदर्याला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. मला पडलेला प्रश्न असा आहे: ती जागा खरंच रिकामी असते का? आणि मी ती बुजवली, तर त्याची किंमत कोण मोजतं?

माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे. मी नोकरीसाठी जर्मनीत असतो आणि इथे या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा जगासमोर आली. दोन सीट, उघडं छप्पर, मागच्या चाकांना ताकद, 1.6 लिटरचं इंजिन आणि एक टनाच्या आत वजन. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या टीमनं गाडी बनवताना एक जपानी शब्द धरून ठेवला होता: जिनबा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. म्हणून इतक्या स्वस्त गाडीला त्यांनी चारही चाकांवर डबल विशबोन सस्पेन्शन दिलं.

आता तिचे शॉकअप थकलेत. बदलायचेच आहेत तर सोबत गाडी थोडी खाली का बसवू नये? पर्याय तीन. जुने शॉकअप तसेच ठेवून फक्त आखूड स्प्रिंग टाकायच्या; हे सगळ्यात स्वस्त. किंवा एकमेकांसाठी जुळवलेल्या स्प्रिंग आणि शॉकअपचा संच घ्यायचा. किंवा कॉइलओव्हर, ज्यात आट्यांवरची रिंग फिरवून उंची हवी तशी ठरवता येते.

तिन्ही समजायला आधी कोण काय काम करतं ते बघू. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. शॉकअप तो साठा रिकामा करतो. त्याच्या पोटात तेल असतं, ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंग असेल आणि शॉकअप नसेल, तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डुलत राहील. या दोघांना काम करायला जागा लागते. चाकाला वर जायला जागा. म्हणजेच ती फट.

थोडा हिशोब करू. समजा चाकाला वर जायला 60 मिलीमीटर जागा आहे आणि मी गाडी 30 मिलीमीटर खाली बसवली. जागा निम्मी झाली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. आणि चौपट कडक स्प्रिंगला पूर्वीइतकंच आवरायचं तर शॉकअपचा जोर दुप्पट हवा. बदल्यात मिळतं काय? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर असतो. तो 30 मिलीमीटर खाली आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. सहा टक्के खोटे नाहीत, पण ते निम्मी जागा देऊन घेतलेले असतात.

बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग अर्थातच चौपट कडक नसतात. तेवढ्या असत्या तर त्या गाडीतून रोज ऑफिसला कुणी गेलं नसतं. मग उरलेला हिशोब कोण चुकता करतं? बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला रबराचा किंवा फोमचा छोटा तुकडा. जागा संपली की चाक त्याच्यावर आदळतं. सरळ रस्त्यावर तेव्हा फक्त पाठीला कळतं. पण वळणात, वेगात असताना हे झालं, तर त्या चाकाची स्प्रिंग क्षणात दगडासारखी होते आणि टायरची पकड सुटू शकते. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. तेवढीही पकड गेली की गाडी कुठे जाईल हे मी ठरवत नाही. आणि समोरून सायकलवर येणाऱ्या माणसानं तर माझ्या स्प्रिंग निवडलेल्या नसतात.

इथे ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हे वाक्य लंगडं पडतं.

जर्मनीत हे वाक्य कायद्यालाही मान्य नाही. इथे स्प्रिंग बदलल्या की सहसा गाडी तपासणीला न्यावी लागते. कोणत्या गाडीत, कोणत्या टायरसोबत हा भाग चालतो याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं आणि बदलाची कागदोपत्री नोंद करावी लागते. तपासणारा माणूस गाडी कशी दिसते हे बघत नाही. एक चाक उंचवट्यावर चढवून तो बघतो, की पूर्ण दबलेलं चाक कुठे घासत तर नाही ना. म्हणजे फट कमी केलीस तर कर, पण उरलेली पुरते का ते दाखव. आपल्याकडे 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काही अपवाद सोडता उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. मला जर्मन पद्धत जास्त पटते. ती हौसेला नाही म्हणत नाही, हौसेकडे हिशोब मागते.

हा हिशोब मला गाडीच्या आधी कामावर भेटला होता. मी सर्व्हर सांभाळतो. अर्धा वेळ रिकामा बसलेला सर्व्हर बघून कुणीतरी दर तिमाहीला विचारतं, याचे पैसे कशाला भरायचे? रांगांचं सगळ्यात साधं गणित असं, की सर्व्हर 50 टक्के व्यग्र असेल तर एका कामाला एकूण लागणारा वेळ मूळ वेळेच्या दुप्पट होतो आणि 90 टक्के व्यग्र असेल तर दहापट. रिकामेपणा वाया जात नसतो, तो पुढच्या धक्क्यासाठी राखलेला असतो. पण डॅशबोर्डवर तो फट म्हणूनच दिसतो.

माणसांचंही असंच. प्रोजेक्टच्या वेळापत्रकात एक दिवसही मोकळा न ठेवणाऱ्या मॅनेजरचं कौतुक होतं. किती घट्ट प्लॅनिंग! मग क्लायंटचं काहीतरी बदलतं, आणि शनिवारी रात्री लॅपटॉप कोण उघडून बसतं? सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी, जिला अजून नाही म्हणता येत नाही. धक्का नाहीसा झालेला नसतो. वरच्यांच्या हिशोबात त्याला जागा नव्हती, म्हणून तो खाली उतरत उतरत तिच्यापर्यंत गेला.

घरातही बघा. आमच्याकडे महिन्याचा पगार काठोकाठ आखलेला असायचा आणि त्या आखणीचा सगळ्यांना अभिमान होता. मग अचानक पाहुणे यायचे. कुणाचं आजारपण निघायचं. तरी घर डगमगायचं नाही. पण पाहुणे जेवून गेल्यावर पातेल्यात खरवडायला काय उरलंय हे आईलाच माहीत असायचं. फीचा महिना आला की तिचीच चप्पल परत एकदा शिवून यायची. आमच्या घराचा बंप स्टॉप ती होती, आणि आम्ही त्याला काटकसर म्हणायचो.

म्हणून मला हा प्रश्न नीतीचा वाटतो. स्वतःच्या आयुष्यातली सगळी मोकळी जागा मी कशानं तरी भरून टाकली, ईएमआयनं, कामानं, दिखाव्यानं, तर पुढचा खड्डा माझ्या जवळच्या, माझ्याहून दुबळ्या कुणाला तरी लागणार असतो. जागा राखून ठेवणं ही चैन वाटते खरी. पण ती दुसऱ्यांची पाठ वाचवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मग जी उंची कारखान्यानं दिली तीच पवित्र मानायची का? नाही. कारखान्याला एकच गाडी बर्फात, खराब रस्त्यावर, सामान भरून, कुठल्याही गिऱ्हाइकाच्या हातात चालवायची होती. मला तेवढं सगळं करायचं नाही, तेव्हा थोडी जागा मी खर्चू शकतो. गरजेपेक्षा जास्त मऊ, उंच गाडीही वळणावर झोकांड्या खाते. कबड्डीतला बचावपटू ताठ उभा राहिला तर सहज ढकलला जातो. पण पार उकिडवा बसला तरी त्याला हलता येत नाही. तो गुडघे वाकवतो आणि आणखी वाकायला जागा ठेवतो.

माझा निर्णय त्या हिशोबानं झालाय. फक्त आखूड स्प्रिंगचा स्वस्त पर्याय बाद, कारण थकलेल्या शॉकअपवर जास्त ताण टाकून वर दिसणं विकत घेण्यासारखं ते आहे. कॉइलओव्हरही नको, रिंग हाताशी असली की आणखी पाच मिलीमीटरचा मोह मला आवरणार नाही. जुळवलेला संच घेतोय. गाडी 20 मिलीमीटर खाली बसेल, स्प्रिंग थोड्या कडक असतील, त्यांना आवरणारे शॉकअप सोबत असतील आणि बंप स्टॉप नवे. चाक आणि कमानीमध्ये दोन बोटं सहज शिरतील. शौकिनांना फोटोत ती फट खटकेल. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला मात्र ती बहुधा जाणवणारही नाही, आणि मला तेच हवंय.