भांड्याची शुद्धी

स्वयंपाकाचे भांडे शुद्ध कशाने ठरते? ते ज्या द्रव्याचे घडले त्याने, की त्याला ज्याचा हात लागला त्याने? धर्मशास्त्राने हा प्रश्न क्षुल्लक मानला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचा सविस्तर विचार आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीचा परामर्श घेतला आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला हा विषय परका नाही. उमरग्याच्या पुढे सीमा ओलांडली की बसवकल्याण येते. ही चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत (१०७६–११२६) इथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यामुळे ती न्यायालयांपर्यंत पोचली. पण ज्या स्मृतीवर ती आहे, तीत ताटवाट्यांचाही विचार आहे.

स्मृतींचे नियम असे: तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील यांची भांडी क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी शुद्ध होतात. ज्याला काही चिकटलेले नाही त्या सोन्याच्या भांड्याला नुसते पाणी पुरते. मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते, आणि मद्य किंवा मलमूत्र लागलेले मडके पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, असे मनू सांगतो. या क्रमामागे द्रव्याचे पक्के निरीक्षण आहे. धातूत काही मुरत नाही, मळ वरच राहतो. झिलई नसलेली भाजकी माती सच्छिद्र असते. तेल, रस, वास तिच्या अंगात शिरतो. मराठवाड्यातल्या घरांत पितळेला चिंच आणि इतर भांड्यांना राख लावली जाई, दुधाचे मडके दुधालाच ठेवले जाई, ते याच समजुतीने. इथवर शास्त्र आणि चूल यांच्यात मतभेद नाही.

पेच पुढे आहे. याच परंपरेने माणसाच्या जन्मालाही विटाळ जोडला, आणि तो भांड्याला लागतो असे मानले. इथे युक्तिवाद तुटतो. मद्य मडक्यात मुरते, ते मडक्याच्या छिद्रांमुळे. जात मात्र कशातच मुरत नाही. राखेने घासलेल्या तांब्यावर आधीच्या हाताची कोणतीही खूण उरत नाही, मग विटाळ राहतो तो कुठे? तांब्यात नव्हे, तो घेणाऱ्याच्या मनात. स्मृतीत याला छेद देणारे वचनही आहे: कारागिराचा हात नेहमीच शुद्ध असतो, असे मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही म्हणतात. कुंभाराने घडवलेले मडके देवघरात चालले; ज्यांना अस्पृश्य ठरवले त्यांचा पाण्याला झालेला स्पर्श मात्र चालला नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच विसंगतीमुळे. बाराव्या शतकात त्याच कल्याणीत बसवेश्वरांनी जन्मावरची शुचिता नाकारली होती, आणि त्यांच्या शरणांच्या परंपरेत गुंडय्या नावाचे कुंभारही मानले जातात. शुद्धीच्या ग्रंथावरची टीका आणि त्या ग्रंथाच्या मर्यादेला मिळालेले उत्तर, दोन्ही एकाच गावातून आली, ही गोष्ट या परिसराने विसरू नये.

दुसरे उत्तर तेरचे आहे. तेरणा नदीकाठच्या या गावी संत गोरा कुंभार झाले. तीच तेरणा पुढे लोहारा तालुक्यात माकणीच्या धरणात अडवली आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले, नामदेव रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले, अशी कथा आहे. नामदेवांची भक्ती थोर होती, तरी कसोटी सुटली नाही. पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांनी गुरुपदेश घेतला. कच्चेपणा हा कायमचा दोष नाही, भाजणे राहिल्याची ती खूण आहे, असा या कथेचा अर्थ घेणे सर्वांत योग्य. पक्क्या भाजलेल्या मडक्याचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेल्याचा किंवा कच्च्याचा बद्द. बाजारात हंडी घेताना आजही हीच परीक्षा चालते.

स्मृतींचा नियम आणि गोरोबांची कसोटी, दोन्हींचे व्यवहारातले फळ एकच: भांड्याला त्याचे द्रव्य आणि त्याने सोसलेला अग्नी विचारावा. चुलीची किंवा गॅसची आच खालून लागते, ओव्हनची चहूकडून. चुलीवरच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून पूर्वी ही दुसरी आच साधली जाई. आता दोन्हीकडे चालणारे एकच भांडे हवे असेल, तर कल्हईचे पितळ बाद होते, कारण कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि ओव्हन त्याच्या वर जाऊ शकतो. आमटी उकळायला मात्र ते चांगले, कारण पाणी असेपर्यंत तळ तेवढा तापत नाही. ओव्हनसाठीच्या काचेच्या भांड्याला सहसा गॅसची थेट ज्योत चालत नाही. ॲल्युमिनियम चिंचेच्या आंबटात विरघळू लागते. मातीची हंडी मंद आचेवर हळूहळू तापवली तर टिकते, गार पाण्याच्या एका शिंतोड्याने तडकू शकते. नुसते बीड उष्णता धरून ठेवते, पण आंबट आमटी काळी करते.

उरतात दोन: धातूच्या कड्यांचे, जाड तळाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले, आणि इनॅमल चढवलेले, घट्ट झाकणाचे बिडाचे भांडे. इनॅमल म्हणजे बिडावर भाजून बसवलेली काच. बिडावरचा असा थर स्मृतिकारांना ठाऊक नव्हता, तरी त्यांच्या कसोटीने त्यात काही मुरत नाही. प्लास्टिकची मूठ किंवा झाकणाची प्लास्टिकची गुंडी असेल तर असे भांडे ओव्हनसाठी घेऊ नये. आणि पैसे एकाच भांड्यापुरते असतील, तर इनॅमलचे बीड घ्यावे.