सोंग आणि सोबत



गौरी-गणपतीत शेजारच्या घरी मांडलेला गौरीचा मुखवटा आपण कोल्हापूरकर नेहमी पाहतो. पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडे आदिवासी बांधवांचा बोहाडा होतो. तिथे माणसेच देवदेवतांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्री नाचतात. त्यांना ‘सोंगे’ म्हणतात. अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवायचे, हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. असे सोंग म्हणजे फसवणूक नव्हे. ती अंगावर घेतलेली जबाबदारी असते.

आफ्रिकेत झांबियाच्या वायव्य भागातील लुवाले, चोक्वे आदी लोकांत मुखवटे मुलांना मोठे करतात. साधारण आठ ते बारा वर्षांची मुले घर सोडून एक ते तीन महिने रानातल्या छावणीत राहतात. या दीक्षाविधीला ‘मुकांडा’ म्हणतात. तिथे त्यांचे बालपण जणू मरते. सुंता होते, धैर्याची परीक्षा होते, कर्तव्ये शिकवली जातात. मुखवटाधारी ‘माकिशी’ पूर्वजांचे प्रतिनिधी मानले जातात. प्रत्येक मुलाला त्यांच्यापैकी एकाची सोबत असते. शेवटी सारे गाव जमते, माकिशी नाचतात आणि मुले मोठी होऊन घरी परततात. २००८ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

मरून नव्याने जगणे आपल्यालाही परके नाही. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो ते नव्या जीवनात चालण्यासाठी, असे संत पौल सांगतो (रोम. ६:४). दृढीकरणात त्यावर पवित्र आत्म्याची मोहोर उमटते. मग दृढीकरणाहून परतलेल्या आपल्या मुलांत काय बदलते? नवे कपडे, फोटो, जेवण होते. आणि पुढच्या रविवारी बाकावरची जागा रिकामी!

दोष एकट्या मुलांचा नाही. त्यांच्या सोबतीला कोण आहे? मिस्सेत जोडलेले वडिलांचे हात घरी आईवर उगारले जातात, तेव्हा मूल दोन्ही चेहरे पाहते. प्रभू येशू ज्यांना ढोंगी म्हणतो (मत्तय ६:५), त्या ठिकाणी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नट’ असा आहे. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. श्रद्धेचे सोंगही मुलांपुढे टिकत नाही.

धर्मपिता-धर्ममाता हा केवळ समारंभातला मान नाही. या आठवड्यात आपल्या धर्मपुत्राच्या, धर्मकन्येच्या घरी जाऊ या. अभ्यासाची, मित्रांची, प्रार्थनेची चौकशी करू या. आणि येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसू या.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू