खर्जाची निवड

तंबोऱ्यातील खर्जाची तार मैफलीत कोणी मुद्दाम कान देऊन ऐकत नाही. परंतु ती किंचित उतरली की गायकाचा षड्ज जणू निराश्रित होतो, आणि ज्याला स्वरशास्त्राचा गंधही नाही असा श्रोतादेखील कारण न कळता अस्वस्थ होऊ लागतो. आधार असतो तोवर त्याची आठवण होत नाही. घरातील बेताच्या संगीतसंचाला सबवूफर जोडावा की नाही, आणि जोडावयाचा तर कोणता, हा प्रश्न वरकरणी खरेदीचा व खिशाचा असला, तरी त्याचे उत्तर खर्जाच्या या स्वभावातच शोधावे लागते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

फडताळावर मावणाऱ्या स्पीकरचा पाच इंची पडदा साधारणतः ६० हर्ट्झच्या आसपास थकतो. हा त्याचा दोष नव्हे. तितकाच आवाज एक सप्तक खाली निर्माण करावयाचा तर चौपट हवा ढकलावी लागते, हा सृष्टीचा नियमच आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि अल्प विजेत भरपूर आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम कोणाच्याच पदरात पडत नाहीत. अमेरिकेत एडगर विलचूर यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करवून घेतले आणि लहान पेटीतून गंभीर खर्ज काढून दाखविला. पण त्याचा मोबदला म्हणून ॲम्प्लिफायरला अधिक शक्ती खर्चावी लागली. आजचा सबवूफर आपला ॲम्प्लिफायर पोटातच बाळगतो, तो हाच हिशेब चुकता करण्यासाठी.

मी ज्या दुकानात प्रथम गेलो, तेथे चित्रपटातील स्फोट ऐकवून यंत्राची थोरवी सिद्ध करण्याचा प्रघात होता. छाती हादरली, परंतु त्या हादऱ्यातून माझ्या घरी रोज वाजणाऱ्या ख्यालाविषयी काहीच बोध झाला नाही. वस्तुतः काळी एकच्या पट्टीतील तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो, डबल बासची सर्वांत खालची तार ४१ वर, आणि पियानोची अखेरची पट्टी २७.५ वर. ज्याची आवड कंठसंगीत, तबला आणि पखवाज एवढ्यात सामावते, त्याने वीस हर्ट्झच्या पाताळाचा हव्यास धरण्यापेक्षा चाळिसापर्यंत निर्मळ बोलणारा आणि वेळेवर थांबणारा सबवूफर घ्यावा. छिद्र ठेवलेली पेटी तेवढ्याच शक्तीत अधिक मोठी बोलते, पण तिच्या मर्यादेखाली आवाज झपाट्याने ढासळतो. बंद पेटी खाली हळूहळू उतरत जाते. डग्ग्यावर मनगट सरकताच वाकत जाणारा स्वर, किंवा कणीक लावलेल्या पखवाजाच्या धुमेची थाप, बोल संपल्यावर मागे घुमत राहिली नाही, हीच माझ्या दृष्टीने परीक्षा. म्हणून मी दहा इंची, बंद पेटीचा सबवूफर निवडला.

तथापि निवड दुकानात संपत नाही, कारण खर्जाचा अर्धा कारभार खोलीच्या हाती असतो. माझी बैठकीची खोली चौदा फूट लांब. ४० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबीही जवळजवळ तितकीच, त्यामुळे तो स्वर भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. जाणत्यांच्या शिफारशीवरून मी सबवूफर माझ्या खुर्चीवर ठेवला आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने ऐकत फिरलो. कोपऱ्यात नुसता गदारोळ होता, आणि स्वयंपाकघरातील मांडणीवरची एक वाटी एका विशिष्ट स्वराला नेमकी झणझणत होती. खिडकीखाली, कोपऱ्यापासून तीन हातांवर मात्र डग्ग्याचे बोल एकाएकी सुटे झाले. सबवूफरची जागा तीच ठरली.

मग उरला सरहद्दीचा मामला. सुमारे ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला उमगत नाही. तेथपर्यंतच सबवूफरचा अंमल चालावा, आणि वरचा मुलूख मुख्य स्पीकरांकडे निर्वेध राहावा. दोघांनी एकाच हद्दीत वसुली सुरू केली की गायकाचा कंठ जाडाभरडा होतो. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे मंद आवाजात ऐकताना कानाला खर्ज विशेष क्षीण भासतो, म्हणून रात्री बटण वाढविण्याचा मोह होतो. पण जो खर्ज आपल्याला अपुरा वाटतो, तोच स्लॅब ओलांडून खालच्या मजल्यावरील आजींच्या उशापर्यंत पोहोचतो. स्वतःच्या रसिकतेसाठी दुसऱ्याची झोप खर्ची घालण्याची मुभा कोणत्याही कलेने दिलेली नाही. मी पेटीखाली जाड रबर घातले आणि रात्री दहानंतर ती बंद ठेवण्याचा नेम केला.

पुढे तीन आठवडे मी रोज बटण केसभर कमी करीत गेलो. एका संध्याकाळी तबला जाणणारा एक जुना स्नेही आला. त्याने विलंबित ख्यालाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकले, खिडकीखालच्या काळ्या पेटीकडे एकदाही पाहिले नाही, आणि उठताना एवढेच म्हणाला, “डग्गा काय सुरेख लागलाय!” त्या दिवसापासून मी बटणाला हात लावलेला नाही.