दुसऱ्याच्या शेतात नांगर

मराठी भाषेचा काटकसरी स्वभाव माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला फार आवडतो. शेतकऱ्याला आणि खलाशाला तिने एकच शब्द वाटून दिला : नांगर. एकाने तो चालवायचा, दुसऱ्याने टाकायचा. या काटकसरीतले शहाणपण मात्र मला राजापूरच्या खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात उभे राहिल्यावर कळले.

त्याचे असे झाले. आमचा एक मित्र व्यापारी जहाजावरून निवृत्त झाला आणि त्याने एक लहानशी शिडाची बोट घेतली. (मी निवृत्तीनंतर दिवाणखान्यात काउंटर बांधून घेण्यासारखेच हे, पण ते असो.) रत्नागिरी ते विजयदुर्ग असा बेत ठरला. कप्तान तो, शिवाय एक वकील, एक डॉक्टर आणि मी. दुपारचे खारे वारे आणि पहाटेचे मतलई वारे पाठ करून मी भूगोलात मार्क मिळवले होते. ते खरोखरच वाहतात, हे पंचेचाळिशीत प्रथम समजले.

तिन्हीसांजेला किनाऱ्याच्या एका आडोशाला कप्तानाने नांगर टाकला आणि मग तो दोर सोडतच राहिला. पाच मीटर पाण्याला पस्तीस मीटर दोर! माझा जीव हळहळला. तो म्हणाला, "अरे, नांगर वजनाने धरत नाही. आडवा ओढला गेला की तळात रुततो. दोर आखूड ठेवलास तर उभा ओढला जाऊन सुटतो."

आजूबाजूला दिवा नाही, माणूस नाही. "आजची रात्र या जागेचे मालक आपण!" डॉक्टर म्हणाला आणि घोरू लागला.

सकाळी नांगर वर आला तो कोणाचे तरी जाळे घेऊनच. कप्तानाने सुरी काढली आणि ते कापून नांगर सोडवला. फाटक्या जाळ्याला तरंगायला बांधलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या आमच्याकडे पाहत डुलत राहिल्या.

बोटीवर लगेच कोर्ट भरले. वकील म्हणाला, "साक्षीदार कुठाय? आणि समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?" डॉक्टरने निदान केले, "जाळे जुनेच होते. फार तर वर्षभर जगले असते." कप्तान शिडाच्या दोऱ्या उगाच पुन्हा पुन्हा तपासू लागला.

आता आमच्या बँकेत रोकड कमी भरली, तर रोखपाल स्वतःच्या खिशातून भरतो. जास्त निघाली, तर ती सस्पेन्स खात्यात जाते. पण 'कोणी पाहिले नाही' या नावाचे खाते अजून कोणत्याही बँकेने उघडलेले नाही. मी तसे म्हणालो आणि स्वतःच्याच बोलण्यात अडकलो. लहान होडीतून किनाऱ्याकडे जावे लागले. जाताना मनात एकच प्रार्थना होती : जाळेवाला भेटू नये.

तो भेटला. गुडघाभर पाण्यात उभा राहून आमचीच वाट पाहत होता.

"आमी काळोख पडताना जाळा मारतो नि उजाडताना काढतो. तुमाला वाटला, हितं कोन नाय?"

त्याने आकडा सांगितला. वकील सवयीने घासाघीस करू लागला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "जाळा मी शिवीन वो. पन आजची मासळी कुठनं आनू?" वकिलाला निरुत्तर झालेला मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. आकडा पुरा दिला. पावती मागण्याची सवय आवरली.

आमचा एकांत म्हणजे त्याचे शेत होते. पेरणी करून तो घरी निजला होता आणि आम्ही त्यात नांगर टाकला होता.

विजयदुर्गापर्यंत मित्र मला 'हरिश्चंद्र' म्हणत होते आणि मीही ते म्हणवून घेत होतो. खरे सांगायचे धैर्य झाले नाही. किनाऱ्यावर कोणी पाहत नव्हते. पण बोटीवर तिघे पाहत होते ना! बँकेतला शहाणपणा त्यांच्यापुढे बोलून बसलो नसतो, बोटीवर एकटाच असतो, तर ती होडी वल्हवत गेलो असतो का? माझ्या सचोटीचा नांगर खरोखर रुतला होता, की तिघांच्या नजरेच्या वजनाने नुसताच तळाशी पडून होता?

मेळ अजून लागलेला नाही. तूर्त ही रक्कम सस्पेन्स खात्यात आहे.