गुन्हा त्याचा, हिशेब तिचा

जानेवारी १८७५ मधली एक रात्र. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, क्ले काउंटीमधल्या एका शेतघराभोवती पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेची माणसे दबा धरून होती. त्यांना जेसी आणि फ्रँक जेम्स हे भाऊ हवे होते. बँका आणि आगगाड्या लुटणारे, प्रसंगी माणसे मारणारे हे भाऊ आईकडे आले आहेत, असा त्यांचा समज होता. खिडकीतून आत एक पेटता गोळा फेकण्यात आला. घरच्यांनी तो घाईघाईने शेगडीत ढकलला आणि तिथे त्याचा स्फोट झाला. जेम्स बंधू घरात नव्हतेच. मेला तो त्यांच्या आईचा धाकटा मुलगा आर्ची, वय वर्षे आठ. आई झेरेल्डा हिचा उजवा हात कोपराखाली कापून टाकावा लागला. गोळा उजेडासाठी टाकला होता, जीव घेण्यासाठी नव्हे, असे पिंकर्टनवाल्यांचे म्हणणे होते.

घोडा, बंदूक, धुळीचा लोट आणि पाठलाग हे सगळे सिनेमाने आपल्याला चांगले ओळखीचे करून दिले आहे. त्या चित्रात बाई असलीच तर खिडकीशी उभी असते. गोळीबार संपला की कॅमेरा घोडेस्वाराबरोबर निघून जातो. खिडकीतली बाई मागे राहते. या लेखात आम्हाला तिच्यापाशी थांबायचे आहे, कारण तिच्याशी एक जुना आणि अवघड प्रश्न जोडलेला आहे. घरच्या पुरुषाच्या गुन्ह्यात घरची बाई किती वाटेकरी? ती त्याची आई आहे, बायको आहे, बहीण आहे, एवढ्यावरून तिच्यावर बोट रोखायचे काय? आणि रोखायचे नसेल, तर तिला सरसकट निर्दोष ठरवून मोकळे व्हायचे काय?

ही दरोडेखोरी आभाळातून पडली नव्हती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. मिझुरी आणि कॅन्सस यांच्या सीमेवर ते युद्ध फौजांपेक्षा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अधिक लढले गेले. गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या क्वान्ट्रिलच्या टोळीला गावातल्या बायका अन्न, निवारा आणि खबरा पुरवतात, हे सरकारी फौजेच्या ध्यानात आले. त्यांपैकी काहींना कॅन्सस सिटीत एका इमारतीत कोंडण्यात आले. १३ ऑगस्ट १८६३ रोजी ती इमारत कोसळली आणि किमान चार जणी ढिगाऱ्याखाली मेल्या. त्यांत टोळीतल्या बिल अँडरसनची कोवळ्या वयाची बहीण जोसेफिन होती.

आठच दिवसांनी, २१ ऑगस्टला, क्वान्ट्रिलची टोळी कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावात घुसली आणि दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे तिने मारले. फ्रँक जेम्स त्या टोळीत होता. आमच्या बहिणींचा सूड घेतला, असे पुढे सांगितले जाई. बाईवर हात टाकला नाही, अशीही फुशारकी होती. ती अक्षरशः खरीही होती. पण नवऱ्याला बायकोच्या डोळ्यांदेखत मारायचे, घर पेटवायचे आणि वर म्हणायचे की आम्ही बाईला हात लावला नाही! लॉरेन्सच्या विधवांनी ही सभ्यता कुठल्या भांड्यात शिजवावी? एका बाजूने बायकांना पुरुषांच्या करणीसाठी कोंडले, दुसऱ्या बाजूने बायकांच्या नावाने पुरुषांना कापले. दोन्हीकडे बाई हे केवळ निमित्त होते. तिला काय वाटते हे कुणी विचारले नाही.

आता पुन्हा झेरेल्डाकडे येऊ. तिचा पहिला नवरा धर्मोपदेशक होता. सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला गेला आणि १८५० मध्ये तिकडेच वारला. १८६३ मध्ये फ्रँकच्या टोळीचा ठावठिकाणा सांग म्हणून शिपायांनी तिच्या तिसऱ्या नवऱ्याला, डॉ. सॅम्युअल यांना, झाडाला टांगले. ते कसेबसे वाचले. त्यानंतर हा गोळा. इतके सोसलेल्या बाईविषयी कठोर बोलणे जिवावर येते. तरीही बोलले पाहिजे. तिच्या घरात गुलाम होते. शार्लट नावाची एक स्त्री तिथे गुलाम म्हणून राबत होती. मुले काय करतात हे झेरेल्डाला माहीत नव्हते असे कोण म्हणेल? ती त्यांची जाहीर बाजू घेत राहिली, त्यांना आसरा देत राहिली. १८७६ मध्ये मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड इथे तिजोरी उघडायला नकार दिला म्हणून जोसेफ हेवूड या बँक कर्मचाऱ्याचा खून झाला. त्याच्याही घरी बायको आणि लहान मुलगी होती. झेरेल्डाचा तुटलेला हात हेवूडच्या बायकोचे दुःख पुसू शकत नाही. आणि हेवूडच्या खुनाने आर्चीचा मृत्यूही न्याय्य ठरत नाही. दुःखाच्या बदल्यात दुःख असा व्यवहार मांडायला बसलो, की हिशेब कधीच संपत नाही. गोळा फेकणाऱ्यांना मदत केल्याचा संशय असलेला शेजारी डॅनियल ॲस्क्यू एप्रिल १८७५ मध्ये आपल्याच दाराशी मारला गेला, तो याच व्यवहारातला पुढचा हप्ता होता.

जेसीची बायकोही झेरेल्डाच. सासूचेच नाव तिला ठेवलेले. सगळे तिला झी म्हणत. ती जेसीची सख्खी आतेबहीण. १८६५ मध्ये तो जखमी होऊन आला तेव्हा तिने त्याची शुश्रूषा केली, नऊ वर्षे वाट पाहिली आणि एप्रिल १८७४ मध्ये लग्न केले. त्यानंतरचा संसार खोट्या नावांचा. नॅशव्हिल, कॅन्सस सिटी, शेवटी सेंट जोसेफ. जेसीला लोक मिस्टर हॉवर्ड म्हणून ओळखत. मुलाला घरात टिम म्हणत. त्याला आपले खरे नाव बाप मेल्यावर कळले. ३ एप्रिल १८८२ रोजी सकाळी झीच्या हातची न्याहारी करून उठलेल्या बॉब फोर्डने जेसीला पाठीमागून गोळी घातली. फोर्ड त्यांच्याच टोळीतला, त्यांच्याच घरी उतरलेला. त्याचे राज्याच्या गव्हर्नरशी आधीच बोलणे झाले होते. नवऱ्याच्या मागे झीला घरातल्या वस्तूंचा लिलाव करावा लागला. १९०० मध्ये ती गेली, तोवर तिचे दिवस ओढगस्तीतच गेले.

झीला काही माहीत नव्हते असे म्हणणे म्हणजे तिला खुळी ठरवणे. तिला माहीत होते. मग तिने काय करायला हवे होते? पोलिसात जाऊन नवऱ्याला फाशी द्यावी, अशी अपेक्षा आपण करतो काय? कायद्यानेही इथे थोडा संकोच बाळगला आहे. आपल्याकडच्या १८६० च्या दंडसंहितेत गुन्हेगाराला आसरा देणे हा गुन्हा होता. पण आसरा देणारी व्यक्ती नवरा किंवा बायको असेल तर कलम २१२ त्यांना सूट देत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही सूट कायम ठेवली आहे. आईला मात्र ती नाही. म्हणजे झी आपल्या कायद्यापुढे उभी राहिली असती तर आसऱ्यापुरती सुटली असती, आणि झेरेल्डा अडकली असती. बायकोचे दार उघडे राहू शकते आणि आईने मात्र ते लावून घ्यावे, हे काळजाला पटते काय? कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती ओढताना त्याचाही हात थरथरला असावा, असे आम्हाला वाटते.

आमच्या मते इथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, रक्ताचे नाते. त्यात गुन्हा नाही. जोसेफिनला कोंडणे हा अन्यायच होता. दुसरी, माहिती असून गप्प राहणे. त्यात भीती असते, माया असते, पोटाची काळजी असते. तिथे निवाडा देण्यापूर्वी त्या घरात एक रात्र राहून पाहावे. तिसरी, स्वतःच्या हाताने केलेले काम. तिथे बाई म्हणून सवलत देणे हा तिचा मान नव्हे. लॉरा बुलियन हिला १९०१ मध्ये सेंट लुईसला आगगाडीच्या लुटीतल्या नोटांसह पकडले. पाच वर्षांची शिक्षा झाली, १९०५ मध्ये ती सुटली, पुढे मेम्फिसला शिवणकाम करून जगली आणि १९६१ मध्ये वारली. तिच्यावर गाणी रचली गेली नाहीत. पण आपल्या करणीचा हिशेब तिने आपल्याच नावावर चुकता केला, हे थोडे नाही.

याउलट बेल स्टारचे झाले. १८८३ मध्ये घोडेचोरीबद्दल फोर्ट स्मिथच्या न्यायालयात ती दोषी ठरली आणि डेट्रॉईटच्या तुरुंगात तिने काही महिने काढले. १८८९ मध्ये तिचा खून झाला; मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी स्वस्त छापील पुस्तकांनी तिला डाकूंची राणी केले. खुनाचा तपास कुणाला नको होता, राणी सर्वांना हवी होती. आणि सनडान्स किडबरोबर दक्षिण अमेरिकेत गेलेली ती देखणी तरुणी? १९०१ मध्ये न्यूयॉर्कला काढलेला तिचा फोटो जगभर पोचला. तिला एटा प्लेस म्हणतात. पण प्लेस हे सनडान्सच्या आईचे माहेरचे आडनाव. तिचे खरे नाव इतिहासाला सापडले नाही. ती जगली पुरुषाच्या आईच्या आडनावाने, आणि हरवलीही त्याच नावाने.

तेव्हा बाईवर दोन प्रकारे अन्याय होतो. एक, पुरुषाचे ओझे तिच्या डोक्यावर देऊन. दुसरा, तिचे स्वतःचे ओझेही तिच्या डोक्यावरून उतरवून तिला नुसते चित्र बनवून. दोन्हीत ती माणूस राहत नाही.

मिझुरी फार दूर आहे. पण एखाद्या दाराशी पोलिसांची गाडी येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बायकांशी नळावर कोण बोलते? घरमालक भाडे वाढवतो की घरच खाली करायला सांगतो? आलेले स्थळ परत जाते ते कुणाच्या गुन्ह्यासाठी? आपण गोळा फेकत नाही, हे खरे. तोंड फिरवतो. त्यानेही घरातले कुणीतरी जखमी होते, आणि बहुधा ज्याने गुन्हा केला तो त्या वेळी घरात नसतो.

जेसीला त्याच्या आईने आधी आपल्या अंगणातच पुरले होते. कबर डोळ्यांसमोर राहिली म्हणजे कुणी विटंबना करणार नाही, म्हणून. पुढे बघ्यांकडून पंचवीस सेंट घेऊन ती घर आणि कबर दाखवी. कुणी याला दुःखाचा बाजार म्हणेल. आम्ही एवढेच म्हणू, की एका हाताने जगणाऱ्या त्या म्हातारीला मुलाच्या गुन्ह्यांची शिक्षा आपण देऊ नये, आणि तिने स्वतः केले ते माफ करण्याची घाईही करू नये. ज्याचा हिशेब त्याच्या नावावर राहू द्यावा. इन्साफ याहून अधिक काही मागत नाही; पण एवढे द्यायलाही माणसाला फार जड जाते.