थांबलेली माणसे: जुन्या मुंबईची छायाचित्रे आणि पाहण्याची नीती

जुन्या मुंबईची छायाचित्रे न्याहाळताना पहिला उद्गार बहुधा रस्त्यांच्या मोकळेपणाविषयी निघतो. गिरगाव, काळबादेवी, भायखळा यांची एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्रे समोर आली की 'काय शांत शहर होते!' हा निष्कर्ष जणू चित्रातूनच उगवतो. हा निष्कर्ष फसवा आहे, आणि त्यातील चूक केवळ माहितीची नाही.

ओल्या कोलोडियनच्या काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. त्या अवधीत जो चालत राहिला त्याची राखाडी रेघ होई, किंवा तो उमटतच नसे. दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका हमरस्त्याचे जे चित्र घेतले त्यात भर दिवसाचा वाहता रस्ता निर्मनुष्य दिसतो. उरतो तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. त्याच्या पायाशी वाकून काम करणारा मात्र जेमतेम ओळखू येतो, कारण त्याचे हात हलत होते. रसायनाच्या मर्यादेने केलेली ही निवड वर्गीय निवडीसारखीच वागते. हमाल, पखालवाला, पाटी घेऊन धावणारी कोळीण यांना थांबणे परवडत नाही. ज्याला परवडते तो उरतो. तेव्हा रिकाम्या रस्त्याविषयीची हळहळ ही बऱ्याच अंशी एका रासायनिक उणिवेविषयीची हळहळ आहे, आणि श्रम करणाऱ्यांच्या अनुपस्थितीला ती नकळत सौंदर्य मानते.

याच संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. १८६३ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. दुसरा विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या, मुंबईतील 'वंश आणि जमाती' दाखविणाऱ्या संग्रहाचा पहिला खंड. (मराठी लोकांविषयीचा दुसरा खंड १८६६ चा.) जॉन्सनने माणसांना एका जागी उभे वा बसते करून टिपले आणि मग त्यांच्या प्रतिमा दुसऱ्याच स्थळाच्या पार्श्वभूमीवर जोडून छापल्या. चित्रातील माणूस खरा, स्थळही खरे. खोटा आहे तो त्यांचा संबंध. नाव वगळून जातीचा मथळा दिला की माणूस नमुना होतो, आणि नमुना कोठेही ठेवता येतो. माडगांवकरांच्या गद्यात बाजार, देवळे, सण, धंदे, गर्दी यांची खेचाखेच आहे. राज्यकर्त्यांविषयीचे त्यांचे कौतुक आज वाचकाला संकोच आणते. तरीही त्यांच्या वाक्यांत शहर हलते, जॉन्सनच्या चित्रात ते हलत नाही.

या स्थिरतेचा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि तिच्या कामाची छायाचित्रेही घेतली गेली. कॅप्टन मॉस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चित्रे लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. घरे धुणारा पाण्याचा बंब, तपासणीला निघालेली पथके, रुग्णालयातील खाटा: मुंबईच्या सामान्य वस्तीचा इतका निकटचा दृश्य पुरावा त्या काळात क्वचितच सापडतो. आणि तो मिळतो तोच मुळी लोकांच्या घरांत सक्तीने शिरलेल्या व्यवस्थेमुळे. आता ओल्या काचेची सबब उरलेली नव्हती. कोरड्या काचा आणि हातातले कॅमेरे आले होते, क्षणात चित्र टिपता येत होते. तरीही चित्रांतील माणसे उभी आहेत ती रांगेत, समोर पाहत. ही स्थिरता रसायनाने मागितलेली नाही, हुकमाने आणलेली आहे.

लोकांचा रोष मुख्यतः या तपासणीवरच होता: परक्या पुरुषाने घरात शिरणे, बायकांच्या काखा-जांघांतील गाठी तपासणे, आजारी माणसाला उचलून नेणे. ऑक्टोबर १८९६ मध्येच सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. मग प्रश्न असा की, शंभराहून अधिक वर्षांनी तेच खाटेवरचे शरीर संशोधनाच्या नावाने पाहणारा अभ्यासक ती तपासणी पुन्हा करीत नाही काय? रोलां बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राचे सत्त्व, समोरचे एकदा खरोखर होते, या साक्षीत शोधले. मुंबईच्या या चित्रांपुढे ती कसोटी अपुरी पडते. साक्ष आहे हे खरे. पण साक्षीदाराने ती स्वेच्छेने दिलेली नाही.

पाहूच नये, हे उत्तर सोपे आणि तितकेच अन्यायकारक आहे. ज्यांची रोजनिशी नाही, पत्रे नाहीत, त्यांचा उरलेला एकमेव माग पुसून टाकणे म्हणजे सभ्यतेच्या नावाखाली दुसरे विस्मरण. 'चित्र पाहावे, पण त्यामागील सत्ताही वाचावी' ही अलीकडच्या समीक्षेची तोड उपयुक्त असली तरी फार सुखाची आहे. टिपण कितीही चिकित्सक असो, पानावरचा आजारी चेहरा तसाच उघडा राहतो. येथे तारतम्याला पर्याय नाही: बंबाचे आणि पथकाचे चित्र छापावे, खाटेवरच्या माणसाचे शब्दांत सांगावे, छापू नये. वर्णन ही जुनी, काहीशी हिणवली गेलेली वाङ्मयीन क्रिया येथे छायाचित्राहून अधिक सभ्य ठरते, कारण काय झाकावयाचे हे तिला ठरविता येते.

सक्तीची नसलेली स्थिरताही या शहरात होती. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला, गाळ्यात दहाबारा जणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा, खानावळीत जेवणारा कामगार कधीतरी लालबाग-परळच्या स्टुडिओत जाई. रंगवलेला पडदा, मागून आणलेला कोट, स्टुलावर टेकलेला हात. ते चित्र गावी पाठवावयाचे असे. त्यात ना साचा दिसतो, ना खोली. रोजचे जगणे त्याने हेतुपुरस्सर बाहेर ठेवलेले असते. समाजेतिहासकाराची निराशा होते, आणि ती व्हावी हेच योग्य. साचेखात्यातला धोटा तसाही स्थिर चित्रात मावला नसता. मामा वरेरकरांच्या कादंबरीचे 'धावता धोटा' हे नावच छायाचित्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या आणि त्यांच्या आवारांत उपाहारगृहे, दुकाने, कचेऱ्या आल्या. चिमण्यांची कृष्णधवल चित्रे आता सजावटीला चालतात. कामगारांची स्टुडिओतील चित्रे मोठी करून, काचेवर गंध लावून, हार घालून चाळीतल्या किंवा गावच्या भिंतीवर लागली. त्यांतील काही अखेर संग्रहांतही पोचतात. तेथे खाली नोंद होते ती 'गिरणीकामगार, परळ' अशी, जॉन्सनच्या मथळ्यांच्या चालीवर. चित्राच्या पाठीवर कधी शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि कोणाला पाठवावयाचे ते लिहिलेले असते. पण पुठ्ठ्यावर चिकटविताना ती बाजू आत जाते.