सोबती

वारीत उठल्या-बसल्या कानी पडणारा शब्द म्हणजे 'सोबती'. "आमचा सोबती मागं राहिला हो," असे म्हणत माणूस दिवेघाटाच्या चढणीवर तासतासभर उभा राहतो. या शब्दापायी आमच्या हातून एक अपराध घडला आहे, तो आज सांगावयाचा आहे.

आमचे शिक्षण पाठशाळेतले. लघुकौमुदी, अमरकोश मुखोद्गत; ताठाही तेवढाच. पुष्कळ वर्षांपूर्वी सासवडच्या मुक्कामी कीर्तनात आम्ही सांगितले, की 'सोबती' हा शब्द परका, यावनी. वारकऱ्याने तो टाकावा नि 'सुहृद्' म्हणावे. मित्र या अर्थी पाणिनीने तो मुद्दाम साधून दिला आहे. 'मित्रा'चीही व्युत्पत्ती सांगितली : मिद् धातू, स्निग्ध होणे हा अर्थ. श्रोत्यांनी माना डोलाविल्या.

आरती झाल्यावर एक म्हातारी पाया पडून म्हणाली, "महाराज, माझ्यासंगतीची बाई औंदा वारली. वीस वाऱ्या जोडीनं केल्या. ती ना माझ्या जातीची, ना गावची. तिला सोबतीण नको म्हणू, तर काय म्हणू?"

आम्हांस उत्तर सुचेना. 'सुहृद्' तिच्या तोंडी बसेना, आणि आमच्या तोंडून निघेना.

मग शोध घेतला. मूळ अरबी 'सुहबत', म्हणजे सहवास. फारसीच्या वाटेने मराठीत येता येता 'ह' गळाला, 'सोबत' झाली. पैगंबरांच्या सहवासातल्यांना 'सहाबा' म्हणतात, तोही याच धातूचा. आणि गंमत अशी, की आपला 'साहेब'सुद्धा त्याच घरचा! साहिब म्हणजे मुळात बरोबर असणारा. धनी, मालक हे अर्थ मागाहून चढले. एक भाऊ खुर्चीवर जाऊन बसला, दुसरा चिखलातून गाठोडे घेऊन चालतो आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्तलक्षणे सांगताना भगवंतांनी द्वेष न करणारा म्हटले, नि लगेच 'मैत्र' म्हटले. माउलींनी पसायदानात हेच मैत्र जीवमात्रांसाठी मागितले. तेथे कूळ कोण विचारतो? आणि हे निरूपण आम्ही त्याच कीर्तनात, त्याच तोंडाने केले होते!

पुढल्या वर्षी सासवडला तिला शोधले, दिसली नाही. लोणंदला भेटली. डोईवरचे गाठोडे मागितले, तर देईना. "तुम्ही नुसतं सोबत चला," म्हणाली. चांदोबाच्या लिंबापर्यंत गेलो.